देवघराच्या खणातली गोळी

डिसेंबर सरत आला की यशवंतपूरच्या बाजाराबाहेर रस्त्याच्या कडेला अवरेकाईचे ढीग लागतात. अवरेकाई म्हणजे आपल्या पावट्याची कानडी बहीण, पण तिचा तोरा वेगळा. दवात भिजलेल्या त्या शेंगांना एक उग्र, तेलकट वास असतो. बंगळुरातली माणसं शेंगा मुठीत घेऊन आधी हुंगतात आणि मगच पिशवी पुढे करतात. या वर्षीही ढीग लागले. रिक्षा सिग्नलला थांबली होती आणि तो वास आत आला. लोकांना या वासाने भूक लागते. मला राग येतो.

दोन वर्षांपूर्वीचा हाच मोसम होता. मार्गशीर्ष संपत आला होता, रथसप्तमीला महिना-सव्वा महिना उरला होता आणि तेवढ्या दिवसांत मला ठरवायचं होतं, ऑपरेशन करून घ्यायचं की नाही.

कोरमंगलातल्या डॉक्टरबाईंनी एमआरआयचा फोटो दिव्यावर लावून दुखण्याचं नाव सांगितलं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असायला हवं, तशाच जातीचं अस्तर माझ्या पोटात भलतीकडे उगवलं होतं. दर महिन्याला ते सुजायचं, रक्ताळायचं आणि आजूबाजूला जे सापडेल त्याला चिकटायचं. दोन्ही अंडाशयांत गाठी होत्या. गर्भाशय मागे आतड्याला चिकटून बसलं होतं. तिळाच्या वड्यांचा पाक बिघडला की त्या ताटाला, उलथन्याला आणि एकमेकींना चिकटून बसतात. आत तसं काहीतरी झालंय, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं.

"गोळ्यांनी तुम्हाला फारसा गुण आला नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. खरंच होतं. वर्षभरात दोन तऱ्हेच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. डोकं फुटायचं, रक्त थेंब थेंब चालूच राहायचं आणि ओटीपोटातली ती सुरी होती तिथेच फिरायची. "दुर्बिणीतून ऑपरेशन करता येईल. बरं वाटण्याची शक्यता चांगली आहे. पण खात्री देणार नाही. पुन्हा उद्भवू शकतं. एखादं अंडाशय वाचवता येणार नाही कदाचित. आतड्याजवळ काम आहे, तिथे थोडा धोका आहे. मूल हवं असेल तर त्याचाही विचार करा." फेब्रुवारीतला एक शुक्रवार रिकामा होता. तो घेतला नाही, तर थेट एप्रिल.

मूल हवं होतं. म्हणून तर अडलं होतं. ऑपरेशनमध्ये अंडाशय गेलं तर मुलाची आशा निम्म्याने जाणार आणि ऑपरेशन नाही केलं तर हे दुखणं महिन्यातले दहा-बारा दिवस खात राहणार. हे मी ठरवायचं होतं, संगणकाच्या पडद्यासमोर नीट बसतासुद्धा येत नसताना.

मी पहिल्यांदा दुखतंय म्हणून सांगितलं तेव्हा चौदा वर्षांची होते. आमचं घर मल्लेश्वरमच्या पलीकडचं, चार पिढ्या बंगळुरात काढलेलं, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी. आई मला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेली. म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आईला म्हणाले, "स्वल्प नोवु इरुत्ते अम्मा." थोडं दुखणारच. स्वल्प! या शहरात हा शब्द तेलासारखा सगळीकडे वापरतात. बसमध्ये स्वल्प सरका, रिक्षावाल्याला स्वल्प जास्त द्या, घरमालकाचं स्वल्प ऐकून घ्या. मी शाळेच्या बाथरूमच्या फरशीवर गाल टेकवून पडले होते, फरशी गार म्हणून. ते स्वल्प होतं. ओकारी काढून मग गणिताचा पेपर दिला, तेही स्वल्प. मला आजही तो शब्द कोणी गोड हसून वापरला की दात आवळावे लागतात.

पुढे नोकरी लागली, इलेक्ट्रॉनिक सिटीत. तिथे मॅनेजर म्हणायचा, "फिर से?" एवढंच. मी दर महिन्याला मुद्दाम आजारी पडून त्याच्यावर सूड उगवत होते जणू. लग्न झालं, मग सल्ल्यांना ऊत आला. नात्यातल्या प्रत्येक बाईकडे माझ्या दुखण्यावर एकच औषध होतं. "एक मूल होऊ दे, सगळं आपोआप बरं होतं." अहो, मूल होत नाहीये याचं कारणही हेच असू शकतं, हे डॉक्टरांनी सांगितलंय. तर म्हणे, "डॉक्टर काय, काहीही सांगतात." आणि त्यावर शेवटचा घाव, "पण तू तर नेहमी किती छान दिसतेस! तुला काही होतंय असं वाटतच नाही."

हे वाक्य मला सगळ्यात लागायचं, कारण ते खरं होतं. आमच्या घरातल्या लग्नांचे, मुंजींचे, गौरी-गणपतीचे फोटो काढून पाहा. मी प्रत्येकात आहे आणि प्रत्येकात हसतेय. काठापदराची साडी, डोक्यात मल्लिगेचा गजरा, हातात ताट, आणि बत्तिशी बाहेर. फोटोतली ही मुलगी कधी आजारी पडली असेल, असं मलाच वाटत नाही. माझं मलाच कळत नव्हतं, मी खोटी की फोटो खोटे.

निखिल, माझा नवरा, नागपूरचा. मनाने सरळ. त्या दिवसांत तो मला गरम पाण्याची पिशवी भरून द्यायचा, गाडी गतिरोधकावरून अशी चालवायचा की मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. पण ऑपरेशनचं काढलं की म्हणायचा, "शरीर तुझं आहे. तू ठरवशील ते." किती शहाणं, किती सुधारलेलं बोलणं! पहिल्यांदा बरं वाटलं. चौथ्यांदा मी हातातली पिशवी त्याच्यावर फेकली. "मी ठरवीन, ते मला माहीत आहे. तुला काय वाटतं ते सांग ना!" त्याने पिशवी उचलून परत माझ्या हातात दिली. मग हळूच म्हणाला, "मला भीती वाटते बाप्पा. तुला टेबलावर काही झालं तर मी काय करू?" त्याचा मला राग आला नाही. निदान माझ्यासोबत कोणीतरी घाबरलं होतं.

आणि मग आईचा फोन. संक्रांतीचे दिवस जवळ आले की तो यायचाच आणि त्यात पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "पुट्टी, तुझी तारीख कधी आहे?" पुट्टी म्हणजे छोटी, कानडीतली. कशी आहेस नाही, दुखतंय का नाही, तारीख. कारण संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत आईचं हळदीकुंकू असतं. पंचवीस-तीस बायका येतात. तिळगूळ असतो, त्याचंच कानडी रूप, एळ्ळु-बेल्ल, असतं, उसाचे करवे असतात, आणि त्या सगळ्यात कुंकवाची कोयरी घेऊन फिरायला मी असावी लागते. मी 'बाहेरची' असून कसं चालेल? म्हणून हळदीकुंकवाचा दिवस माझ्या तारखेला वळसा घालून ठरायचा. त्या वर्षीही तिने विचारलं आणि मी म्हणाले, "आई, मी ऑपरेशनचा विचार करतेय." ती म्हणाली, "सणासुदीचं कशाला ते? रथसप्तमी होऊ दे की."

मी पुढचं न ऐकता फोन ठेवला.

डॉक्टरबाईंनी पुढच्या भेटीला येताना जुनी नोंद आणायला सांगितलं होतं. कधीपासून दुखतं, किती दिवस, पाळी नियमित का. माझ्याकडे फोनमधली दीड-दोन वर्षं होती. त्याच्या मागचं काहीच नव्हतं. मग आठवलं, आहे. आईकडे आहे.

आमच्या घरी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर वर्ष संपलं तरी टाकत नाहीत. मागच्या बाजूला पाककृती असतात. आई ती सुतळीने बांधून माळ्यावर ठेवते, कधीतरी करू म्हणून. आणि पुढच्या बाजूला, तिथीच्या खाली, घरातल्या बायकांच्या खुणा असतात. पेन्सिलीने, अगदी बारीक, आल्यागेल्याच्या लक्षात येऊ नये अशा. आईची आडवी रेघ. माझा ठिपका. कोणाला कोणत्या दिवशी देवाला हात लावता येणार नाही, कोणत्या दिवशी सत्यनारायण ठेवता येईल, याचा तो हिशोब. दुखण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

"ते डॉक्टरना दाखवायचं?" आई किंचाळलीच. "शी! आणि मागे पाककृती आहेत, हरवतील." शेवटी ती स्वतः आली. कापडी पिशवीत अठरा कॅलेंडरं, मांडीवर घट्ट धरलेली. डॉक्टरबाईंना तिने पिशवी दिली नाही. एकेक कॅलेंडर काढून, आपल्या हाताने उलगडून दाखवत राहिली.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. ठिपक्यावरून ठिपक्यावर बोट फिरवत गेल्या. अठरा वर्षं, एकही महिना चुकला नव्हता; लग्नानंतरचे ठिपके तिने फोनवर विचारून काढले होते. "अशी नोंद मी आजवर पाहिली नाही," त्या म्हणाल्या. आई थोडी फुलली. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं. "आणि हा बाण कशाचा?"

ठिपक्यापासून पुढच्या चौकोनाकडे काढलेला एक छोटा बाण होता. दुसऱ्या पानावरही होता. वर्षाला चार-पाच.

"ते... घरात काही देवाचं असलं, आणि तारीख आडवी येत असली, की गोळी द्यायचो," आई म्हणाली. "पुढे ढकलायची गोळी. सगळेच देतात."

"किती दिवस?"

"आठ-दहा दिवस. कार्य आटपलं की बंद."

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "गोळी चालू असताना दुखायचं?"

मी एकेक कार्य आठवत गेले. भावाची मुंज. मावसबहिणीचं लग्न. दर वर्षीच्या गौरी. मला तो हलकेपणा आठवला, पाठ सरळ करून चालता येण्याचा. मी त्याला सणाचा आनंद समजत होते.

"नाही," मी म्हणाले. "तेव्हा नाही दुखायचं."

"त्याच जातीचं औषध आम्ही या दुखण्यावर देतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "तेव्हा कोणी नेमाने सुरू केलं असतं तर कदाचित इतकं वाढलं नसतं. कदाचित. आता नक्की सांगता येणार नाही."

ती गोळीची पट्टी देवघराच्या खणात असायची. कापूर, वाती, अष्टगंधाची डबी आणि ती पट्टी. इतर औषधं स्वयंपाकघरातल्या डब्यात, ही मात्र देवाच्या कामाची म्हणून देवापाशी. महिन्याचे ते दिवस मी त्याच घरात, त्या देवघरापासून दहा पावलांवर, गुडघे पोटाशी घेऊन पडलेली असायचे. आईला माझी दया यायची. ती ओव्याचं पाणी द्यायची, पाय चेपायची, डोळ्यांतून पाणी काढायची. पण तो खण उघडावा, असं तिच्या मनात एकदाही आलं नाही. माझी तारीख आडवी आली म्हणून देवाची गैरसोय व्हायला नको, एवढ्यासाठी ती गोळी होती. माझ्या गैरसोयीसाठी घरात ओवा होता.

आणि कार्य उरकलं, गोळी बंद झाली, की दोन-तीन दिवसांनी दुप्पट दुखायचं. तोवर पाहुणे आपापल्या गावी गेलेले असायचे. त्यांनी मला पाहिलं ते फक्त गोळीवर. म्हणून तर मी नेहमी छान दिसायचे. फोटो खोटे नव्हते आणि मीही खोटी नव्हते. कोणतंही कारस्थान न करता, सगळ्यांनी मिळून, अत्यंत प्रेमाने, माझं दुखणं अशा दिवसांवर ढकललं होतं की ते बघायला कोणी नसावं. चिडायचं कोणावर? दवाखान्यातले ते म्हातारे डॉक्टर वारलेत. आणि आई तर माझ्या शेजारीच बसली होती, सुतळीची गाठ सोडवत आणि पुन्हा बांधत.

घरी जाताना गाडीत पिशवी पुन्हा तिच्या मांडीवर होती. उंच पुलावर चढलो तशी म्हणाली, "म्हणजे गोळी घरातच होती."

मी "हो" म्हणाले. तिला बरं वाटेल असं काही बोलायला हवं होतं. नाही बोलले. मला तिला बरं वाटू द्यायचं नव्हतं.

मग तिने पिशवीतलं एक जुनं कॅलेंडर काढलं, मी दहावीत असतानाचं. माझे ठिपके होते, तिच्या रेघा होत्या, आणि ऑगस्टनंतर रेघा नव्हत्या. "माझी गर्भपिशवी काढली ना त्या वर्षी," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं फक्त गाठ काढणार. शुद्धीवर आले तेव्हा कळलं, सगळंच काढलं. तुझ्या बाबांची सही होती. पुट्टी, मला कोणी विचारलं नव्हतं. तुला तरी विचारताहेत."

हे ती मला धीर द्यायला सांगत होती. मला तर असं वाटलं, की गाडीची काच फोडावी. आपल्याला विचारतात, यात बाईने समाधान मानायचं? अडतीस वर्षांची होती ती तेव्हा. सोळा-सतरा वर्षं त्या रेघा नसल्याचं भिंतीवर दिसत होतं आणि मी रोज त्याच भिंतीवर एकादशी कधी ते बघत होते.

रागाच्या भरात कोणताही निर्णय घेऊ नये, असं सगळे म्हणतात. मी रागाच्या भरातच घेतला. तीन आठवडे मी शांत डोक्याने कागदावर दोन रकाने पाडून फायदे-तोटे लिहीत होते आणि एक इंच पुढे सरकले नव्हते. त्या पुलावर मला कळलं, की अठरा वर्षं माझं शरीर हे दुसऱ्यांच्या कार्यक्रमात आडवी येणारी एक तारीख होतं. एप्रिलपर्यंत थांबायचं ते कोणासाठी? मी गाडीतूनच दवाखान्यात फोन लावला आणि तो शुक्रवार मागून घेतला. मग आईला म्हणाले, "तू विचारत होतीस ना, तारीख? ही घे."

तिने पर्समधून पेन्सिल काढली, आणि घरी गेल्यावर विसरू नये म्हणून दवाखान्याच्या पावतीच्या मागे लिहून ठेवली.

संमतीचा कागद माझ्यासमोर आला, तेव्हा निखिलने आपोआप पेन पुढे केलं आणि मागे घेतलं. सही मी केली. त्याआधी डॉक्टरबाईंबरोबर एकेक ओळ वाचली आणि मोकळ्या जागेत माझ्या अक्षरात लिहिलं, जिवावर बेतल्याशिवाय गर्भाशय काढू नये, मला विचारल्याशिवाय तर नाहीच. त्यांनीही खाली सही केली.

डावं अंडाशय गेलं. उजवं राहिलं. आतड्याला काही झालं नाही. शुद्धीवर आले तेव्हा आई उशाशी होती आणि तिच्या बोटांना अवरेकाईचा वास येत होता. डाव्या हाताचा अंगठा आणि बोट पिवळट झालेलं. नुसतं बसवत नव्हतं म्हणून सकाळी भिजवलेले दाणे सोलत बसली होती म्हणे, किलोभर. त्या वर्षीचं हळदीकुंकू तिने रद्द केलं. बायकांना काय सांगितलं, विचारलं. तर "गावाहून पाहुणे आलेत" असं सांगितलं होतं. आम्हाला गावच नाही. टाके ओढले जातील म्हणून मला ओरडता आलं नाही.

आता दुखतं, पण मी उभी राहू शकते. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. गोळी रोज घेत नाही, कारण मुलाचा प्रयत्न चालू आहे. होईल का, माहीत नाही. ऑपरेशन केलं ते बरं केलं का, असं लोक विचारतात. हो, बरं केलं. पण तेवढ्याने राग जातो असं नाही. चौदाव्या वर्षी फरशीवर गाल टेकवून पडलेली ती मुलगी अजून तिथेच आहे. तिच्यासाठी आता कोणालाच काही करता येणार नाही.

या वर्षी आईचा फोन आला, शेंगांचे ढीग लागले त्याच आठवड्यात. "पुट्टी, हळदीकुंकू संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी ठेवू का?"

मी फोनमध्ये बघितलं. "शुक्रवारी माझा दुसरा दिवस असेल."

पलीकडून कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला, मग ते पुन्हा सरळ केल्याचा. मी वाट बघत होते, ती म्हणेल की मग सोमवारी करू. किंवा, स्वल्प एक गोळी घेशील का.

"सरी, बरं," ती म्हणाली. "शुक्रवारीच करू. बसून कुंकू लाव."

मी गेले तेव्हा भिंतीवर पाहिलं. शुक्रवारच्या चौकोनात 'ह. कुं.' होतं आणि त्याच चौकोनात माझा ठिपका. पेनाने.

खुर्चीत बसून, मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन मी तीस बायकांना कुंकू लावलं. आणखी दोघी-तिघींनी कपाळ पुढे केलं नाही. एकीने विचारलं, "काय गं, बरं नाही का?" मी उत्तर देण्याआधी आई ताट घेऊन मध्ये आली. "दुसरा दिवस आहे तिचा. फार दुखतं तिला. लहानपणापासून." एवढं सांगून ती हातातला तिळगूळ वाटत राहिली.

निखिलने फोटो काढला. त्यात माझा चेहरा ओढलेला आहे, ओठ आवळलेले, कपाळावर घाम. "डोळेही मिटलेत," मी म्हणाले, "काढून टाक तो."

आईने त्याच्या हातातून फोन घेतला. चष्मा वर करून, जवळ धरून बराच वेळ पाहत राहिली. मग नातेवाइकांचा ग्रुप कुठे असतो ते तिने त्याला विचारलं आणि तो फोटो तिथे टाकला. खाली काही लिहिलं नाही.